विचारणाऱ्याला गप्प करू नका

दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा बारामती-इंदापूरकडच्या घरांत दोन हंगाम एकदमच सुरू होतात. बाहेर उसाचं गाळप आणि आत संगणकावर गेम. पोरगं गेमच्या चिन्हावर दोनदा क्लिक करतं, पडदा अंधारतो आणि मधोमध एक खिडकी उभी राहते: या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? खाली ‘येस’ आणि ‘नो’. ‘येस’ दाबलं की गेम सुरू. जेवून परत बसलं की पुन्हा तोच प्रश्न, संध्याकाळी पुन्हा. चार दिवसांत पोरगं वैतागतं, मित्राला विचारतं, मित्र एक व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओत सांगितलेलं असतं: सेटिंगमध्ये जा, तिथली उभी पट्टी एकदम तळाला ओढ, कटकट संपली.

ती पट्टी तळाला ओढू नका, एवढं कळकळीने सांगण्यासाठी हे लिहितो आहे. वैताग खरा आहे आणि त्यावर उपायही आहेत. पण विचारणाऱ्याचं तोंड बंद करणं हा उपाय नव्हे. तो का विचारतो आहे ते शोधा आणि ते कारण काढून टाका. मग त्याचं विचारणं आपसूक कमी होतं.

आधी हा संगणक कोणाचा, ते पाहू. आपल्याकडे बहुतेक घरांत संगणक एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. वडील त्यावर महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरतात, सातबारा काढतात. आईच्या बचत गटाचा हिशेब त्यातच. दुकान असेल तर टॅली आणि जीएसटी त्यातच. ताईचे कॉलेजचे दाखले, घरातल्या सगळ्यांच्या आधार-पॅनच्या प्रती, ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेला बँकेचा पासवर्ड, सगळं त्याच एका पेटीत. एखाद्या घरी सेवा केंद्र चालत असेल, तर गावातल्या कितीतरी लोकांची कागदपत्रंही तिथेच असतात. गेम खेळतो एकटा, पण त्याने दिलेली परवानगी सगळ्या घराच्या वतीने दिलेली असते.

ही खिडकी आली कुठून? २००१ साली विंडोज एक्सपी आलं. त्या काळात घरचा जवळजवळ प्रत्येक संगणक मालकाच्या पूर्ण अधिकारांवर चालायचा. तेव्हा एमएस-सीआयटी शिकलेल्यांना आठवत असेल, कोणाचा तरी पेन ड्राइव्ह लावला की व्हायरस आत शिरायचा आणि मनाला येईल ते करायचा. चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला मालकाचेच अधिकार मिळत होते, म्हणून हे घडायचं. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ही रीत बदलली. खातं मालकाचं असलं तरी प्रोग्रॅम साध्या अधिकारांनीच चालणार. विंडोजच्या फोल्डरमध्ये किंवा सगळ्यांसाठीच्या सेटिंगमध्ये हात घालायचा असेल, तर आधी विचारावं लागणार. या व्यवस्थेचं नाव युजर अकाउंट कंट्रोल. पडदा अंधारतो त्यालाही कारण आहे. तो प्रश्न वेगळ्या, बंदिस्त पडद्यावर विचारला जातो, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्रॅम तुमच्या वतीने परस्पर ‘येस’ दाबू शकत नाही.

व्हिस्टा फारच विचारायचा. लोक कंटाळले आणि अनेकांनी ही व्यवस्था बंद करून टाकली. म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये प्रश्न कमी केले गेले आणि चार पायऱ्यांची पट्टी आली. आजच्या विंडोज १० आणि ११ मध्ये दिसते ती हीच पट्टी. वरून दुसरी पायरी ही मूळची ठेवण आहे, तिथेच ती राहू द्या. सगळ्यात खालच्या पायरीवर, मालकाच्या खात्यात, मोठे अधिकार मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम न विचारता ते घेऊन जातो. गेमही घेतो आणि गेमच्या आडून आलेला चोरही.

मुलांचा रास्त प्रश्न असतो: काल एकदा ‘येस’ म्हटलं ना, मग आज पुन्हा का? याचं उत्तर आपल्याला कारखान्याच्या काट्यावर मिळेल. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती असो की शहाजीनगरचा नीरा-भीमा, हंगामभर तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर दररोज येतो. काट्यावरचा माणूस त्याला नावानिशी ओळखतो. तरी प्रत्येक खेपेला भरलेल्या गाडीचं वजन होतं, गव्हाणीत ऊस पडला की रिकाम्या गाडीचं होतं. ट्रॅक्टर कालचाच असला तरी ट्रॉली आज नव्याने भरलेली असते. संगणकाचंही तसंच आहे. गेमची फाइल काल होती तीच आज असेल याची खात्री नाही. रात्रीतून अपडेट आलेलं असतं, कधी कोणी मूळ फाइलच बदललेली असते. म्हणून या खिडकीत ‘यापुढे कायम परवानगी’ असं बटण मुळातच ठेवलेलं नाही. दिलेली परवानगी त्या एका खेपेपुरती असते.

पट्टी खाली ओढली नाही तरी एक धोका उरतोच, तो सवयीचा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना संगणकावरचे इशारे दाखवत त्यांच्या मेंदूच्या हालचाली तपासल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की तोच इशारा दुसऱ्यांदा समोर आला, तेव्हाच मेंदूचा पाहणारा भाग बराच शांत झालेला होता. म्हणजे डोळ्यांसमोर खिडकी असते, पण आपण ती बघतच नाही. बोट आधी जातं. यात मुलांचा दोष नाही, आपल्या सगळ्यांचं असंच होतं. म्हणून उगाच येणाऱ्या खिडक्या कमी केल्या पाहिजेत. दिवसात एकच आली, तर ती वाचली जाते.

आता कामाचं बोलू. पहिलं काम म्हणजे कोणती खिडकी येते आहे ते ओळखणं. पडदा अंधारून येते ती अधिकारांची खिडकी, जिच्याबद्दल आतापर्यंत बोललो. निळी मोठी पाटी येऊन ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ असं म्हणते, ती स्मार्टस्क्रीनची. ही फाइल फारशी कोणी वापरलेली नाही किंवा तिची खात्री पटत नाही, असं ती सांगते. तिसरी, फाइल इंटरनेटवरून आली आहे म्हणून उघडू का, असं विचारणारी छोटी खिडकी. आणि चौथी फायरवॉलची, या गेमला नेटवर्कवर जाऊ द्यायचं का असं विचारणारी. चारही खिडक्यांचं म्हणणं वेगळं आणि उपायही वेगळे. ‘येस’ हे चारहींचं सरसकट उत्तर नाही.

अधिकारांची खिडकी प्रत्येक वेळी येत असेल, तर पुढच्या पहिल्या तीन गोष्टी याच क्रमाने तपासा. चौथी आणि पाचवी गोष्ट बाकीच्या खिडक्यांसाठी आहे.

एक, जुनी टिकमार्क. गेम कधीतरी अडकला होता, तेव्हा कोणीतरी सुचवलं, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून बघ. केलं, गेम चालला की नाही कोणाला आठवत नाही, पण टिकमार्क तशीच राहिली. गेमच्या चिन्हावर उजवं बटण दाबा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, ‘कम्पॅटिबिलिटी’ पान उघडा आणि ‘रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ समोरची टिकमार्क काढा. स्टीम किंवा एपिकसारख्या ज्या लाँचरमधून गेम उघडता, त्याचीही तपासा. लाँचर मोठ्या अधिकारांनी उघडला, तर त्यातून सुरू होणारे गेमही तेच अधिकार घेऊन चालतात. खिडकीचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

दोन, गेम ठेवलेली जागा. विंडोजचं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे फोल्डर राखीव आहे, तिथे साध्या अधिकारांनी लिहिता येत नाही. एक्सपीच्या काळातले गेम मात्र स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेटिंग आणि खेळाची प्रगती लिहून ठेवत. असा जुना गेम काढून डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करून त्यात पुन्हा बसवा. लिहायला स्वतःची जागा मिळाली की त्याला परवानगीची गरज बहुधा उरत नाही. आधी खेळाची प्रगती साठवलेल्या फाइलींची प्रत काढून ठेवा, नाहीतर पोरांची महिन्याची मेहनत जायची.

तीन, अर्धवट राहिलेली सामग्री. पुष्कळ गेमना चालण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टएक्स, व्हिज्युअल सी प्लस प्लस असे भाग लागतात आणि पहिल्यांदा उघडताना ते बसवण्यासाठी परवानगी मागितली जाते. आपण घाईत ‘नो’ म्हटलं किंवा मध्येच खिडकी बंद केली, तर काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न येतो. खिडकीत प्रकाशकाच्या जागी मायक्रोसॉफ्टचं नाव असेल, तर एकदा ते काम शेवटपर्यंत होऊ द्या. तरीही प्रश्न थांबला नाही, तर लाँचरमध्ये गेमच्या फाइली तपासून दुरुस्त करण्याची सोय असते, ती वापरा.

चार, इंटरनेटचा शिक्का. डाउनलोड केलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. ती असेपर्यंत छोटी खिडकी येत राहते. फाइल कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घेतली आहे याची खात्री असेल, तरच ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली ‘अनब्लॉक’ आहे, ते करा. खात्री नसेल तर ती फाइलच काढून टाका.

पाच, फायरवॉल. एकट्याने खेळायच्या गेमला नेटवर्कची परवानगी नाही दिली तरी बहुधा काही अडत नाही. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर घरच्या, म्हणजे ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरती द्या. स्टँडवरच्या किंवा हॉटेलातल्या फुकट वायफायसाठी देऊ नका.

एवढं करूनही काही गेम विचारतच राहतात, कारण त्यांच्या बनवणाऱ्यांनीच तशी मागणी आत लिहून ठेवलेली असते. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये लबाडी पकडणारा वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला खरोखरच खोलवरचे अधिकार लागतात. व्हॅलोरंट गेमचा व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतो तेव्हापासूनच जागा असतो. ही परवानगी किती मोठी असते याचं उदाहरण २०२२ मध्ये दिसलं. गेन्शिन इम्पॅक्ट या लोकप्रिय गेमच्या लबाडी पकडणाऱ्या ड्रायव्हरचाच वापर करून खंडणीखोर हॅकरांनी संगणकावरचा अँटीव्हायरस बंद पाडल्याचं ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने उघड केलं. ज्या संगणकावर तो गेम कधी बसवलाच नव्हता, तिथेही तो ड्रायव्हर सोबत आणून हे करता येत होतं. म्हणून असे गेम घ्यायचे तर मोजके घ्या, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि खेळायचं सोडलं की काढून टाका. आणि त्यांची रोजची एक खिडकी सोसा. एक क्लिक ही फार मोठी किंमत नाही.

टास्क शेड्यूलर वापरून खिडकी न येता मोठ्या अधिकारांनी गेम उघडण्याची युक्ती काही जण सांगतात. ती चालते. पण घरच्या सगळ्यांच्या संगणकावर ती करा, असं मी सांगणार नाही. त्या एका गेमपुरतं का होईना, काट्यावरून माणूस उठवण्यासारखंच ते आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेन ड्राइव्हवर किंवा टेलिग्रामवर मिळालेल्या फुकट गेमबरोबर एक सूचनांची फाइल असते. तिच्यात पहिली ओळ बहुधा अशी असते की आधी अँटीव्हायरस बंद करा, मग हे चालवा. मुलांनो, ज्याला घरात शिरण्याआधी कुत्रा बांधायला हवा असतो, तो पाहुणा कसा, हे तुम्हाला सांगायला नको. २०२१ मध्ये अव्हास्ट कंपनीने क्रॅकोनॉश नावाच्या व्हायरसची माहिती उघड केली. तो चोरून फोडलेल्या गेममधूनच पसरत होता, अँटीव्हायरस आणि विंडोजचे अपडेट बंद पाडत होता आणि मालकाच्या विजेवर गुपचूप आभासी चलन कमवत होता. जगभरात २ लाख २२ हजारांवर संगणकांत तो सापडला. गेम चालत होता म्हणून मालकाला शंका आली नाही. संगणक तापतो, पंखा ओरडतो, वीजबिल वाढतं, एवढंच दिसत होतं.

पैसे नाहीत म्हणून असे गेम घ्यावे लागतात, हे मला मान्य नाही. एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला एखादा गेम मोफत देतं. स्टीमवर सणासुदीला मोठ्या सवलती असतात आणि रुपयांत पैसे भरता येतात. थोडी वाट पाहावी लागेल, इतकंच.

तरी एक खरं सांगितलं पाहिजे. ही खिडकी सगळ्या चोऱ्या थांबवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द स्टीमवर आलेल्या पायरेटफाय नावाच्या गेममध्ये माहिती चोरणारा प्रोग्रॅम निघाला आणि तो गेम तिथून काढून टाकावा लागला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरायला मोठे अधिकार लागतातच असं नाही, त्या खात्यात चाललेला साधा प्रोग्रॅमही ते काम करू शकतो. म्हणून पालकांना माझी पहिली विनंती: संगणकावर दोन खाती करा. मालकाचं, म्हणजे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ प्रकारचं, खातं तुमचं, त्याला पासवर्ड. मुलांचं खातं वेगळं, ‘स्टँडर्ड’ प्रकारचं. गेम फक्त तिथे. मुलांच्या खात्यात चाललेल्या गेमला तुमच्या खात्यातली कागदपत्रं आणि पासवर्ड साध्या अधिकारांनी वाचता येत नाहीत. मोठे अधिकार हवे असतील तर तिथे ‘येस’ऐवजी तुमचा पासवर्ड विचारला जातो.

इथे अडचण येते, ती मला ठाऊक आहे. वडील रानात दारं धरायला गेलेले असतात, आई दवाखान्यात, आणि मुलगा फोन करतो, पप्पा पासवर्ड सांगा. सांगू नका. फोनवर सांगितलेला पासवर्ड संध्याकाळपर्यंत चार मित्रांना ठाऊक होतो. त्यापेक्षा रविवारी तासभर मुलाजवळ बसा. जे गेम हवे ते एकत्र बसवा, वर सांगितलेल्या पाच गोष्टी तपासा, एकेक गेम उघडून बघा. नीट बसवलेले बहुतेक गेम नंतर आठवडाभर पासवर्ड मागत नाहीत. आणि संगणक दुरुस्त करून देतो म्हणून लांबून जोडणारं ॲप घ्यायला सांगणाऱ्या अनोळखी माणसाला कधीही आत घेऊ नका.

दुसरी विनंती बारामतीच्या आणि इंदापूरच्या संगणक विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या मित्रांना. गावातला माणूस तुमच्या शब्दावर संगणक घेतो. गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून पट्टी तळाला ओढून संगणक देऊ नका. देतानाच दोन खाती करून द्या, मालकाला दोन मिनिटं समजावून सांगा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही त्याला सांगा. अपडेट न मिळणाऱ्या संगणकावर बँकेची कामं करणं किती जोखमीचं आहे, हे तुमच्याइतकं नीट दुसरं कोणी सांगू शकणार नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शेतावर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीने उसाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सल्ला मिळतो. तिथला शेतकरी उद्या याच संगणकावर पिकाचे आकडे बघणार आहे. तो संगणक स्वच्छ राहणं ही तुमच्याही हातातली गोष्ट आहे.

आणि चुकून काही झालंच तर? नको त्या खिडकीत ‘येस’ दाबलं गेलं, तर मुलांनो, लपवू नका. मार बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहिलेलं पोर आणि लगेच सांगणारं पोर, यांच्यात बँकेतल्या शिलकीचा फरक पडू शकतो. पालकांनो, सांगायला आलेल्या पोरावर त्या वेळी ओरडू नका. आधी वायफाय बंद करा, केबल काढा. विंडोजच्याच डिफेंडर या अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे व्हायरस काढण्याची साधनं मोफत मिळतात.

आज संध्याकाळी एवढंच करा. मुलगा गेमला बसेल तेव्हा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसा. खिडकी येऊ द्या, ‘येस’ दाबू नका. दोघं मिळून तीन गोष्टी मोठ्याने वाचा: प्रोग्रॅमचं नाव काय, प्रकाशक कोण, आणि ‘शो मोअर डिटेल्स’ दाबल्यावर दिसणारी फाइल कुठल्या फोल्डरमधली. प्रकाशकाच्या जागी ‘अननोन’ असेल, खिडकीची वरची पट्टी पिवळी असेल, किंवा फाइल ‘टेम्प’ फोल्डरमधून आलेली असेल, तर ‘नो’ म्हणा आणि आधी चौकशी करा. नाव ओळखीचं असेल, गेम तुम्हीच आत्ता उघडलेला असेल, तर निर्धास्त ‘येस’ म्हणा. असं आठवडाभर केलंत, की मुलगा तुमची वाट न बघता स्वतःच नाव वाचायला लागेल.